क्षारयुक्त पाणी, राठ केस आणि घरच्या घरी डीप कंडिशनिंग

अबोली (धागालेखिका)

पुण्याच्या वेशीवरच्या नव्या वसाहतींमध्ये राहायला आलेल्या बऱ्याच जणींची एक तक्रार सारखीच असते: इथे आल्यापासून केस राठ झाले. धरणाचे पाणी अजून सगळीकडे पोहोचलेले नाही, त्यामुळे आमच्यासारख्या कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. हे पाणी काळ्या पाषाणातून मुरत आलेले असल्याने त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर जे पांढरे किटण धरते ते याच क्षारांचे, आणि त्यांतला थोडा अंश केसांवरही बसतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने कठीणपणाची, म्हणजे या क्षारांच्या प्रमाणाची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम अशी घालून दिलेली आहे. आमच्या बोअरचा अहवाल या दोन आकड्यांच्या मध्ये येतो, म्हणजे पाणी बाद नाही, पण केसांना ते मानवत नाही.

धाग्याचा विषय मुद्दाम डीप कंडिशनिंगपुरता ठेवत आहे, कारण त्याबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. काहींना तो पार्लरमधला खर्चिक थाट वाटतो, तर काही जणी त्याच्याकडून केसगळती थांबण्यापासून केस वाढण्यापर्यंत सगळ्याची अपेक्षा ठेवतात. माझ्या मते ही घरी सहज करता येणारी आणि अतिशय उपयोगी गोष्ट आहे, मात्र तिचे काम ठरलेले आहे. केसाच्या पृष्ठभागावरचे झिजलेले स्निग्ध आवरण ती काही दिवसांपुरते परत देते, त्यामुळे केस एकमेकांवर घासत नाहीत, गुंतत नाहीत आणि विंचरताना तुटत नाहीत. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंत पोहोचलेल्या वेणीचे टोक पाच-सहा वर्षांचे असते. एवढी वर्षे ऊन, कंगवा, उशीचा अभ्रा आणि शेकडो धुण्या सोसलेल्या त्या भागाची दुरुस्ती शरीर करत नाही, कारण तिथे जिवंत पेशीच नसतात. त्याची निगा बाहेरूनच राखावी लागते.

मी करते ती पद्धत सविस्तर लिहिते. आधी शॅम्पू, तोही फक्त टाळूवर. लांबीला खाली ओघळणारा फेस पुरतो. मग केसांतले पाणी मुठीत धरून हलकेच दाबून काढायचे आणि जुन्या सुती पंचात दोन मिनिटे गुंडाळायचे. निथळत्या केसांवर क्रीम लावले तर ते पाण्याबरोबर वाहून जाते, आणि पार सुकलेल्या केसांवर ते सारखे पसरत नाही. पिळून झालेले पण ओले असे केस हवेत. त्यानंतर केसांचे चार भाग करून प्रत्येक भागाला कानाच्या पातळीपासून खाली टोकांपर्यंत क्रीम लावायचे. टोकांना सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त, टाळूला अजिबात नाही. बट दोन तळव्यांमध्ये धरून वरून खाली सरकवत राहिले की सुरुवातीला बोटांना खरखर लागते आणि जागोजागी अडते. हळूहळू ती खरखर कमी होऊन बट बोटांतून निसटू लागते. ती निसटू लागली म्हणजे त्या बटेला पुरेसे झाले. मोठ्या दातांचा कंगवा टोकांकडून सुरू करून वर वर नेत फिरवायचा, केस वर बांधायचे, शॉवर कॅप चढवायची आणि त्यावर गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल गुंडाळायचा. पंधरा-वीस मिनिटांनी कोमट पाण्याने धुवायचे.

रंगवलेल्या किंवा ब्लीच केलेल्या केसांना आठवड्यातून एकदा, आणि ज्यांनी केसांवर कोणतीही प्रक्रिया केलेली नाही त्यांना दोन-तीन आठवड्यांतून एकदा हे पुरते असे माझे मत आहे. इतरांनी आपल्या भागातले पाणी, हवामान आणि केसांचा पोत सांगून अनुभव लिहावेत, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्याशी जुळणारे काहीतरी सापडेल.

सज्जनगड_पायथा

उत्तम धागा. एक प्राथमिक शंका आहे. दुकानात रोजचा कंडिशनर, हेअर मास्क आणि डीप कंडिशनर अशा तीन वेगवेगळ्या बाटल्या आणि डबे मिळतात, आणि किमतीत दुपटीतिपटीचा फरक असतो. आतल्या मालात खरोखरच एवढा फरक असतो का? रोजचाच कंडिशनर जास्त वेळ ठेवला तर तेच काम होणार नाही का?

रसायनी

मी सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयोजनेचे काम बरीच वर्षे करत आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

केसाच्या गाभ्यात केराटिन या प्रथिनाचे तंतू असतात आणि त्यांच्याभोवती पारदर्शक खवल्यांचे साधारण पाच ते दहा थर कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात. सर्वांत वरच्या खवल्यावर निसर्गाने एका विशिष्ट मेदाम्लाचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. त्याला १८-मिथाइल आयकोसॅनोइक आम्ल म्हणतात आणि तो केसाशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो. निरोगी केसावरून पाणी ओघळून जाते ते या लेपामुळे. ब्लीच, पर्मनंट रंग आणि पार्लरमधली सरळ करण्याची द्रव्ये हा लेप काढून टाकतात, आणि एकदा गेला की तो परत येत नाही. लेप गेलेल्या जागी ऋण विद्युतभार उघडा पडतो, केस पाणी पटकन शोषतो, फुगतो, आणि वाळताना खवले उचलले जातात.

कंडिशनरचे मुख्य द्रव्य नेमके याच्या उलट, म्हणजे धन भाराचे असते. बाटलीच्या मागे बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड असे नाव दिसेल, ते हेच. ऋण भाराच्या जागा ते आपोआप शोधते, म्हणून केस जिथे जास्त खराब झालेला असतो तिथेच ते जास्त चिकटते. त्याच्या जोडीला सेटिल आणि स्टिअरिल अल्कोहोल असतात. ही नावे वाचून पुष्कळ लोक घाबरतात, पण हे मेणासारखे घट्ट, स्निग्ध पदार्थ आहेत आणि केस कोरडे करणाऱ्या पातळ अल्कोहोलशी त्यांच्या गुणांचे काहीही साम्य नाही. क्रीमला जो जाडपणा आणि मऊपणा येतो तो त्यांच्यामुळेच.

आता तुमचा मूळ प्रश्न. डीप कंडिशनर किंवा मास्कमध्ये सहसा हीच द्रव्ये जास्त प्रमाणात असतात, त्यात एखादे तेल किंवा शिआ बटर, सिलिकोन आणि कधी हायड्रोलाइज्ड, म्हणजे विघटन करून लहान केलेली, प्रथिने घातलेली असतात. काही डब्यांमध्ये मात्र फरक फक्त जाडपणाचा आणि वेष्टनाचा असतो, हेही खरे आहे. तुमचे केस बारीक पोताचे आणि रंग न लावलेले असतील, तर रोजचाच चांगला कंडिशनर दहा मिनिटे ठेवणे पुरेसे आहे आणि महागड्या डब्यावर पैसे घालवण्याची गरज नाही. जाड पोताच्या, रंगवलेल्या किंवा कुरळ्या केसांना घट्ट मास्कचा फरक हाताला कळतो.

वेळेबद्दल सांगायचे तर पृष्ठभागावर द्रव्य बसण्याचे बरेचसे काम पहिल्या काही मिनिटांतच होते. उष्णतेमुळे क्रीम पातळ होऊन सारखे पसरते, म्हणून गरम टॉवेलचा उपयोग आहे. अर्ध्या तासाच्या पुढे मात्र मिळकत जवळजवळ थांबते. रात्रभर ओले केस क्रीममध्ये ठेवून झोपणे मला अजिबात पसंत नाही. पाण्याने भरलेला केस जाडीत सुमारे १५ टक्के फुगतो, आणि हे फुगणे-आकसणे जितके जास्त तितका खवल्यांवर ताण जास्त. कोरड्या केसाला पाणी पाजायचे असते ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. खराब केसात पाणी सहज शिरते आणि सहज निघून जाते. अडचण आहे ती त्याची ये-जा सावकाश करणारे स्निग्ध आवरण हरवल्याची.

माणदेशी

वर सगळे पुण्यामुंबईच्या सोयी गृहीत धरून लिहिलेले आहे, म्हणून आमच्याकडची बाजू मांडतो. आटपाडी-म्हसवड पट्ट्यात उन्हाळ्यात बोअरला येते ते पाणी इतके जड असते की साबणाला फेसच येत नाही. माझी आई आजही अंगाच्याच साबणाने डोके धुते आणि नंतर केसांना एक पांढरट, चिकट साय बसते. ती कंगव्याच्या दातांतही दिसते. बहीण दोन रुपयांची शॅम्पूची पुडी वापरते. त्यांना डबाभर मास्क आणून देणे परवडणार नाही, आणि आणला तरी या पाण्यात त्याचा उपयोग होईल का, हे मला विचारायचे आहे. वाळवणाच्या दिवसांत दोघींच्याही केसांची टोके अक्षरशः काडीसारखी मोडतात.

रसायनी

माणदेशी, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे.

ती पांढरी साय म्हणजे साबण आणि कॅल्शियम यांचा न विरघळणारा संयुग आहे. साबण कोणताही असो, जड पाण्यात तो हे करणारच, शिवाय त्याचे पीएच मूल्य ९ ते १० असल्याने खवले उचलले जातात. त्यामुळे आईंसाठी पहिला आणि सर्वांत स्वस्त बदल म्हणजे डोक्याला साबण लावणे बंद करून शॅम्पूची पुडी वापरणे. शॅम्पूतली द्रव्ये जड पाण्यातही साय धरत नाहीत. केस लांब असतील तरी एक पुडी तांब्याभर पाण्यात कालवून टाळूवर ओतली की पुरते.

दुसरी गोष्ट, कंडिशनरचीही पुडी मिळते आणि ती शॅम्पूच्या पुडीच्या जवळपासच्या किमतीत असते. महिन्यातून दोनदा तीच टोकांना लावून, डोक्याला जुनी स्वच्छ ओढणी गुंडाळून पंधरा मिनिटे थांबल्यास तेच डीप कंडिशनिंग झाले.

तिसरी गोष्ट क्षार काढण्याची. कॅल्शियम केसावरच्या त्याच ऋण भाराच्या जागा अडवून बसते जिथे कंडिशनर चिकटायला हवा असतो, म्हणून थर साचलेल्या केसांवर मास्क लावूनही फरक पडला नाही असे पुष्कळ जण सांगतात. शहरात यासाठी ईडीटीए (क्षार धरून काढणारे द्रव्य) किंवा सायट्रिक आम्ल जास्त असलेले शॅम्पू मिळतात. घरी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर घालून ते शॅम्पूनंतर लांबीवरून ओतावे, मिनिटभर ठेवून धुवावे आणि मग कंडिशनर लावावा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. लिंबू वापरायचे असल्यास अर्धेच, तेही लिटरभर पाण्यात गाळून आणि नंतर नीट धुऊन, कारण लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि त्यावर ऊन पडले तर चट्टे उठतात. शेतात जायच्या दिवशी लिंबू नकोच.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातला कठीणपणा बऱ्याच अंशी बायकार्बोनेटचा असतो आणि तो उकळल्यावर भांड्याच्या तळाशी बसतो. चुलीवर पाणी तापवतच असाल तर थोडे पाणी नीट उकळू द्यावे, निवल्यावर वरचे नितळ पाणी काढून घ्यावे आणि शेवटचे दोन तांबे त्याचेच घ्यावेत. पावसाळ्यात पन्हळीचे पाणी धरता आले तर त्याहून चांगले काही नाही.

अबोली

रसायनी यांच्या प्रतिसादाला जोडून शहरातल्यांसाठी दोन सूचना. अनेक घरांत आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बादलीत साठवून धुण्याभांड्यांना वापरतात. ही चांगली सवय आहे, पण ते पाणी केसांसाठी कधीही घेऊ नये, कारण गाळून वेगळे केलेले सगळे क्षार त्यातच असतात. आणि शॉवरला लावायची जी छोटी गाळणी विकतात ती कार्बनची असेल तर क्लोरिन कमी करते, कठीणपणा नाही. कठीणपणा घालवायला मिठाने पुनर्भरण होणारे सॉफ्टनर लागते. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजण्याच्या पेनाने त्याचा परिणाम तपासू नका, कारण सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देते आणि पेनावरचा आकडा जवळपास तेवढाच राहतो.

सुरंगीचा_वळेसर

वेंगुर्ल्याचे माहेर, मुंबईत नोकरी, आणि केस लहानपणापासून कुरळे. दोन्हीकडे पाणी मऊ आहे, त्यामुळे क्षारांचा प्रश्न मला नाही. माझा प्रश्न हवेतल्या दमटपणाचा आहे. जून उजाडला की केस फुलून डोक्याभोवती उभे राहतात. लहानपणी यावर एकच उपाय होता, तेल चोपडून घट्ट वेणी घालणे.

कुरळ्या केसांचे वैशिष्ट्य असे की टाळूचे नैसर्गिक तेल वळणावळणाने टोकापर्यंत पोहोचतच नाही. मुळे तेलकट आणि टोके कोरडी असे चित्र म्हणूनच दिसते. माझ्यासाठी डीप कंडिशनिंग दर आठवड्याला आवश्यक आहे आणि कंगवा फक्त त्याच वेळी, क्रीम केसांत असतानाच फिरतो. कोरड्या कुरळ्या केसांत कंगवा घालणे म्हणजे प्रत्येक वळणावर केस तोडणे.

एका घटकाकडे मात्र हवामानानुसार लक्ष ठेवावे, तो म्हणजे ग्लिसरीन. ते हवेतला ओलावा ओढून घेते. मुंबईच्या पावसाळ्यात न धुता ठेवायच्या क्रीममध्ये ग्लिसरीन पहिल्या तीन-चार घटकांत असेल तर माझे केस आणखी फुगतात. पावसाळ्यात मी सिलिकोन किंवा तेल असलेले क्रीम निवडते. धुऊन टाकायच्या मास्कमध्ये ग्लिसरीन असले तरी विशेष बिघडत नाही.

धुताना मी सगळे क्रीम काढून टाकत नाही. शेवटच्या मगानंतरही केस हाताला किंचित बुळबुळीत लागले पाहिजेत. मग पुढे वाकून, केस खाली सोडून, जुन्या सुती टी-शर्टमध्ये वळणे मुठीने वर दाबत पाणी टिपायचे. घासायचे नाही.

आजोळची_परसबाग

या चर्चेत आपल्या घरच्या उपायांना जागा मिळावी असे वाटते, म्हणून लिहीत आहे. शिकेकाई, रिठा, आवळकाठी आणि नागरमोथा यांची पूड आमच्याकडे आजही वापरतात. त्यासोबत जास्वंदीची पाने चुरून काढलेला बुळबुळीत रस न्हाताना केसांना चोळतात. माझी आजी जवस पाण्यात उकळून त्याचा चीक गाळून घेत असे आणि तो केसांवर लावून मग फणी फिरवत असे. हे सगळे त्या काळचे कंडिशनिंगच होते असे मी मानते. दिवाळीच्या पहाटे तेल जिरवून मग उटणे-शिकेकाईने न्हाण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरलेला असावा.

माझा प्रश्न अंड्याबद्दल आहे. मैत्रिणी अंडे, दही आणि केळे कालवून लावतात आणि केसांना प्रथिने मिळतात असे सांगतात. हे कितपत खरे?

रसायनी

शिकेकाईबद्दल आपले म्हणणे रास्त आहे. तिचे पाणी सौम्य आम्ल असते आणि ती साबणाइतकी साय धरत नाही, म्हणून जड पाण्यात ती साबणापेक्षा कितीतरी बरी. पूड मात्र वस्त्रगाळ करून घ्यावी, नाहीतर तिचे कण खवल्यांवर घासले जातात. जास्वंद, जवस आणि भिजवलेली मेथी यांतला चीक केसावर पातळ पापुद्रा धरतो आणि त्याने गुंता सुटायला मदत होते. धन भाराच्या द्रव्यासारखा तो केसाला चिकटून राहत नाही, धुतला की जातो. म्हणून मऊपणा अल्पकाळ टिकतो. नवा केस असेल, रंग लावलेला नसेल, तर तेवढे पुरते. आजींच्या केसांवर ब्लीच आणि इस्त्री कधी फिरली नव्हती हेही लक्षात घ्यावे.

तेल आधी आणि धुणे नंतर, हा क्रम योग्य असल्याचा प्रयोगसिद्ध आधार आहे. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसातून वाहून जाणारी प्रथिने लक्षणीय कमी झाली. इतर दोन तेलांनी तसे झाले नाही. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते, त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे वाचताना ध्यानात ठेवावे, परंतु खोबरेल आत शिरते याला इतर प्रयोगशाळांच्या कामातूनही पुष्टी मिळालेली आहे. म्हणून मी असे सुचवीन की धुण्याआधी तासभर लांबीला थोडे खोबरेल, मग शॅम्पू, मग मास्क. तेल केसाला आतून फुगू देत नाही, मास्क बाहेरची घसट कमी करतो; एकाचे काम दुसरा करत नाही.

अंड्यातल्या प्रथिनांचे रेणू फार मोठे असतात, ते केसात शिरत नाहीत. बलकातल्या लेसिथिन आणि स्निग्धांशामुळे केस मऊ लागतात, तेवढेच. गरम पाणी घेतले तर अंडे केसांतच शिजते आणि ते काढताना जितके केस तुटतात तितका फायदा झालेला नसतो. केळ्याचे तंतूही असेच अडकून राहतात. केसात शिरू शकतील अशी प्रथिने म्हणजे विघटन करून लहान केलेली, ज्यांना डब्यावर हायड्रोलाइज्ड केराटिन किंवा हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन असे लिहिलेले असते. अशी प्रथिने असलेला मास्क दर वेळी वापरू नये. काहींचे केस त्याने ताठ आणि कडक होतात. ओला केस ओढल्यावर रबरासारखा ताणला जाऊन परत येत नसेल तर प्रथिनांचा मास्क घ्यावा, आणि न ताणता लगेच तुटत असेल तर स्निग्ध मास्क, ही ढोबळ खूण मला उपयोगी वाटते.

त्वचावैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. चर्चा चांगली चालली आहे, तरी टाळूबद्दल काही सांगणे आवश्यक वाटते.

कंडिशनर, मास्क किंवा तेल यांनी केसगळती थांबत नाही. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस जाऊ लागतात. लोहाची कमतरता आणि थायरॉइड यांचाही हातभार असतो. गळलेला केस हातात घेऊन पाहावा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून आलेला आहे आणि त्याची तपासणी करावी. ठिपका नसेल तर तो मधेच तुटलेला आहे. या धाग्यातले उपाय त्या दुसऱ्या प्रकारासाठी आहेत. क्षारयुक्त पाण्याने केस मुळापासून गळतात असे माझ्याकडे येणारे अनेक जण ठामपणे सांगतात, परंतु त्याला पुरेसा आधार नाही. केसाच्या ताकदीबद्दलही निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१३ साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या एका लहान अभ्यासात जड पाणी आणि शुद्ध पाणी यांनी धुतलेल्या केसांच्या ताकदीत लक्षणीय फरक आढळला नव्हता. खरखर आणि गुंता वाढतो, ते मात्र रुग्णांच्या केसांवर दिसते.

कोंडा असणाऱ्यांनी टाळूवर तेल जिरवणे टाळावे. कोंड्याशी संबंधित मॅलेसेझिया ही यीस्ट मेदाम्लांवरच जगते. आधी औषधी शॅम्पूने टाळू ठीक करावी आणि मास्क कानाखालीच ठेवावा. कपाळावर आणि मानेवर बारीक पुटकुळ्या येत असतील तर केस धुऊन झाल्यावर त्या जागा पुन्हा एकदा साध्या पाण्याने स्वच्छ कराव्यात.

एरंडेलाबद्दल विशेष सावधगिरी हवी. २०१७ साली भारतातून एक रुग्णवृत्तांत प्रसिद्ध झाला होता, ज्यात खोबरेल आणि एरंडेल लावून केस धुतल्यावर एका तरुणीच्या लांब केसांची दगडासारखी घट्ट जट झाली आणि शेवटी केस कापावे लागले. असे क्वचितच घडते, परंतु लांब केसांवर जाड एरंडेल लावून ते डोक्यावर गोळा करून चोळणे धोक्याचे आहे.

आणि पार्लरमध्ये केराटिन ट्रीटमेंट या नावाने जे केले जाते ते डीप कंडिशनिंग नव्हे. त्यातल्या काही द्रव्यांतून तापवताना फॉर्माल्डिहाइड निघते, ज्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलेले आहे. फॉर्माल्डिहाइड नाही असे सांगून ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरले जाते, तर त्याने मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याचे वृत्तांत अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत आले आहेत. नाव गोड आहे म्हणून घटक न विचारता खुर्चीत बसू नये.

मेपलच्या_देशी

ओटावामध्ये हिवाळ्यात बाहेर उणे २० आणि घरात सतत हीटर, त्यामुळे हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना केसांतून ठिणग्यांचा आवाज येतो. मुंबईकर ताईंच्या उलट अनुभव: इथे न धुता ठेवायच्या ग्लिसरीनच्या क्रीमने केस अधिकच कोरडे वाटतात, कारण हवेत ओढून घ्यायला ओलावाच नसतो. मास्क आठवड्यातून एकदा, त्यावर टोकांना तेलाचे दोन थेंब, आणि लोकरीच्या टोपीच्या आत साटीनचे अस्तर, एवढ्याने हिवाळा निभावतो. ओल्या केसांनी बाहेर जाणे टाळावे.

सज्जनगड_पायथा

सर्वांचे आभार. शेवटची एक शंका. माझी मुलगी पोहायला जाते. तलावातल्या क्लोरिनने तिच्या केसांचा पार झाडू झाला आहे. वय ९ वर्षे. तिला मास्क लावणे योग्य ठरेल का, आणि लावायचा तर पोहण्याआधी की नंतर?

रसायनी

लहान मुलांना सुवास कमी असलेला साधा कंडिशनर लावायला हरकत नाही, फक्त टाळूला आणि डोळ्यांना लागू देऊ नये. पोहण्याच्या बाबतीत खरे काम आधीचे आहे. तलावात उतरण्यापूर्वी तिचे केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवावेत आणि लांबीला थोडे खोबरेल लावून, वेणी घालून, त्यावर टोपी चढवावी. केस कोरडा गेला तर पहिले पाणी तो तलावाचे पितो. आधीच भिजलेला केस क्लोरिनचे पाणी कमी घेतो. तेल अगदी थोडे हवे, नाहीतर टोपी निसटते आणि तलावाच्या पाण्यावर तवंग येतो, ज्याला प्रशिक्षक हरकत घेतात. बाहेर आल्यावर टोपी आणि वेणी सोडून लगेच साध्या पाण्याने केस धुवावेत. घरी पोहोचेपर्यंत थांबू नये. रोज शॅम्पू करण्याची गरज नाही, एक दिवसाआड सौम्य शॅम्पू आणि रोज दोन मिनिटे साधा कंडिशनर पुरतो. मास्क रविवारी, दहा मिनिटे.

अबोली

त्यात एवढेच जोडते की आधीच झाडू झालेली टोके दोन बोटे कापून घ्या. फाटे फुटलेला केस कोणत्याही मास्कने सांधला जात नाही, आणि तो फाटा वर वर चढत जातो. कापल्यावर राहिलेल्या केसांवर ही काळजी घेतलीत तर फरक लवकर दिसेल. मुलीच्या केसांचा पोत कसा आहे, सरळ की कुरळा, ते लिहिलेत तर सुरंगीचा_वळेसर तिला विंचरण्याची पद्धतही सुचवू शकतील.

सज्जनगड_पायथा

कुरळेच आहेत, आणि खांद्यापर्यंत. या शनिवारी टोके कापून आणतो.

सुरंगीचा_वळेसर

मग तलावावरून आल्यावर तिचे केस कोरडे असताना कंगवा लावूच नका. कंडिशनर केसांत असताना आधी बोटांनी गुंता सोडवा, टोकांकडून वर, आणि जिथे गाठ अडेल तिथे तिच्यावरच थोडे आणखी क्रीम दाबून ठेवून पुढच्या बटेकडे वळा. परत येईपर्यंत ती गाठ सैल झालेली असते. नऊ वर्षांच्या मुलीला हे तिचे तिलाही शिकता येते.